भरतीची वाट पाहणारे घर

पहाटेचे पाच वाजलेले असतात. बीड जिल्ह्यातील श्रीक्षेत्र नारायणगड अजून अंधारात असतो. मराठवाड्यात ‘धाकटी पंढरी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या गडाकडे एकादशीला वारकऱ्यांची पावले वळतात. एरवीच्या दिवशी मात्र पहाटेच्या या वेळी आसपासच्या गावांतील रस्त्यांवर निराळीच पावले वाजत असतात. अठरा-वीस वर्षांची मुले, आणि अलीकडे मुलीही, धावण्याचा सराव करीत असतात. सोळाशे मीटर, पाच मिनिटे दहा सेकंद! पोलीस भरतीत धावण्याचे वीसपैकी वीस गुण मिळवून देणारी ही वेळ या मुलांना स्वतःच्या जन्मतारखेइतकी पाठ असते.

जानेवारी २०२५ मध्ये बीड–परळी मार्गावर घोडका राजुरीजवळ असाच पहाटेचा सराव करणाऱ्या तीन तरुणांना बसची धडक बसली आणि तिघेही प्राणास मुकले. त्या दिवशी जिल्ह्यातील कितीतरी आई-वडिलांच्या काळजात धस्स झाले असेल, कारण त्यांचाही मुलगा तशाच एखाद्या रस्त्यावर धावत होता.

भरतीत यश कसे मिळवावे, हे सांगणारी पुस्तके व शिकवण्या पुष्कळ आहेत. प्रस्तुत लेखाचा विषय तो नाही. ज्या घरातील मुलगा वा मुलगी परीक्षेची, मैदानी चाचणीची किंवा निकालाची वाट पाहत आहे, त्या घराच्या आरोग्याचा हा विचार आहे. वाट पाहणे हेही शरीराला आणि मनाला झिजवणारे काम असते. ते किती काळ करायचे आणि कसे करायचे, हे कुटुंबाने मिळून ठरवले नाही, तर ते आपोआप ठरत जाते आणि बहुधा चुकीचे ठरते.

ही ओढ कशासाठी?

‘सगळ्यांनाच सरकारी नोकरी कशाला हवी?’ असा प्रश्न शहरातील सुस्थित माणूस सहज विचारतो. बीड जिल्ह्यात त्याचे उत्तर शोधायला दूर जावे लागत नाही. पाऊस बेभरवशाचा, जमिनीचे तुकडे लहान आणि कारखानदारी तुटपुंजी. दसरा-दिवाळीनंतर लाखो माणसे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी नवरा-बायकोचा ‘कोयता’ पाच-सहा महिने फडात राबतो. ज्या मुलाने हे लहानपणापासून पाहिले, त्याला दरमहा ठरावीक तारखेला मिळणारा पगार म्हणजे चैन वाटत नाही, सुटका वाटते. त्यात लग्नाच्या बाजारातही ‘नोकरीवाला’ आणि ‘बिननोकरीवाला’ अशी सरळ विभागणी झालेली असते.

२०२४ च्या दसऱ्याला मनोज जरांगे पाटील यांचा मराठा आरक्षणाच्या मागणीसाठीचा मेळावा नारायणगडावर झाला. त्याच दिवशी याच जिल्ह्यात, सावरगाव घाट येथील भगवान भक्तिगडावर दुसरा मोठा दसरा मेळावा झाला. त्या मागण्यांची आणि भूमिकांची चर्चा करण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु दोन्हीकडच्या गर्दीतील विशी-पंचविशीच्या चेहऱ्यांना एकांतात विचारले असते, तर घोर एकच निघाला असता: शिक्षण तर झाले, आता नोकरीचे काय?

म्हणून मुलांची आकांक्षा चुकीची आहे असे मानून चालणार नाही. ती परिस्थितीतून उगवलेली आणि समजण्याजोगी आहे. चूक होते ती हिशेबात.

शंभरात एक

राज्यात २०२४ मध्ये झालेल्या पोलीस भरतीत १७,४७१ पदे होती आणि अर्ज सतरा लाखांहून अधिक आले. म्हणजे साधारण शंभर अर्जांमागे एक पद. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज होते, म्हणजे एका जागेमागे दोनशेहून जास्त. २०२४ मध्ये ‘नीट’ परीक्षेसाठी देशभरातून सुमारे २४ लाख विद्यार्थ्यांनी नोंदणी केली. सरकारी व खासगी मिळून एमबीबीएसच्या जागा होत्या एक लाखाच्या थोड्या वर.

या आकड्यांचा उपयोग मुलाला घाबरवण्यासाठी करू नये. त्यांतून पालकांनी एक गोष्ट मात्र मनावर कोरून घ्यावी. शंभरही उमेदवारांनी जीव ओतून अभ्यास केला, शंभरही जण पहाटे उठून धावले, तरी नव्याण्णव जण यादीबाहेर राहणारच. त्यांपैकी काहींचा अभ्यास कमी पडला असेल, पण सर्वांचा नाही. जागाच एक असते. यादीत नाव नसणे म्हणजे नालायक असणे, हे समीकरण गणिताच्या दृष्टीनेच खोटे आहे. घरात मात्र तेच समीकरण रोज मांडले जाते, कधी शब्दांनी तर कधी नुसत्या उसाशाने.

दुसरा हिशेब वयाचा. पोलीस शिपाई पदाची कमाल वयोमर्यादा खुल्या प्रवर्गासाठी २८ आणि मागास प्रवर्गांसाठी ३३ वर्षे आहे. राज्यसेवेसारख्या परीक्षांसाठी ती अनुक्रमे ३८ आणि ४३ वर्षे आहे. उशिरा शिकलेल्यांना संधी मिळावी हा त्यामागील हेतू चांगलाच आहे. परंतु एक दार बंद झाले की दुसरे उघडे दिसते आणि ‘आणखी एकदाच’ असे म्हणत वर्षे सरतात. एकविसाव्या वर्षी सुरू झालेली तयारी तिशी ओलांडते तेव्हा हाती अनुभव नसतो, बचत नसते आणि बरोबरीचे मित्र दूर गेलेले असतात. आरोग्याची खरी पडझड येथे सुरू होते.

वाट पाहण्याचा शीण

उदाहरणादाखल एका घराची कल्पना करू. आई-वडील ऊसतोडीला गेले आहेत. आजी आणि चोवीस वर्षांचा नातू घरी आहेत. तो दिवसभर तालुक्याच्या अभ्यासिकेत बसतो. सकाळी चहा-बिस्किटे, दुपारी वडापाव, रात्री आजीने झाकून ठेवलेली भाकरी. अकरानंतर मोबाइलवर चालू घडामोडी, मग भरतीच्या अफवा, मग काहीबाही. झोप दोन वाजता आणि पहाटे पाचला पुन्हा धावणे. फडातून वडिलांचा फोन येतो: “काय झालं रं भरतीचं?” वडिलांच्या आवाजात राग नसतो. परंतु उचलीच्या पैशांतून शिकवणीचे शुल्क भरले आहे हे मुलाला ठाऊक असते, आणि ते त्याला रागापेक्षा जड वाटते.

या मुलाला कोणी आजारी म्हणणार नाही. तरी त्याची झोप, आहार आणि मन ही तिन्ही बिघडत चालली आहेत. अठरा ते पंचवीस वयोगटाला सात ते नऊ तास झोप लागते. दिवसा वाचलेले पक्के होण्याचे काम मेंदू झोपेत करतो. म्हणून झोप तोडून केलेला अभ्यास हा पुष्कळदा तळ फुटलेल्या रांजणात ओतलेल्या पाण्यासारखा ठरतो. धावण्याने थकलेल्या स्नायूंची डागडुजीही झोपेतच होते.

घरच्यांनी काही खुणांकडे लक्ष ठेवावे. दोन आठवड्यांहून अधिक काळ मूल उदास वा चिडचिडे राहणे, झोप व भूक फार कमी किंवा फार जास्त होणे, मित्रांना आणि लग्नकार्यांना टाळणे, आवडीच्या गोष्टींतून मन उडणे, ‘माझा काही उपयोग नाही’, ‘मी तुमच्यावर ओझे आहे’ अशी वाक्ये वारंवार येणे, दारू वा गुटख्याकडे वळणे, या साऱ्या खुणा ‘आळशीपणा’ म्हणून झटकून टाकण्याच्या नाहीत.

अशा वेळी उपदेशापेक्षा सोबत अधिक उपयोगी पडते. मुलाशेजारी बसून ‘तुला कसं वाटतंय?’ एवढे विचारावे आणि उत्तर पूर्ण ऐकावे. मरणाचे विचार मनात येतात का, असे थेट विचारण्यास भिऊ नये. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतूनही उपलब्ध आहे. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते. मन खचलेल्या माणसाला एकटे सोडू नये. शेतकरी कुटुंबांनी आणखी एक गोष्ट कटाक्षाने करावी: कीटकनाशके घरात उघड्यावर न ठेवता कुलपात ठेवावीत आणि किल्ली जबाबदार माणसाकडे असावी. निराशेचा तीव्र झटका पुष्कळदा थोडा वेळच टिकतो. त्या वेळी विष हाताशी नसणे एवढ्यानेही जीव वाचतो.

धावणाऱ्या शरीराची काळजी

पोलीस भरतीत मैदानी चाचणीचे गुण ५० आणि लेखी परीक्षेचे १००. मुलांना १,६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. शिवाय दोघांनाही १०० मीटर धावणे आणि गोळाफेक असते. ही तयारी योग्य रीतीने केली, तर भरती होवो न होवो, शरीराला आयुष्यभर पुरेल असे धन मिळते. घाईने केली, तर दुखापत ठरलेली.

*स्थळ:* शक्यतो शाळेचे मैदान, पाझर तलावाचा बांध वा शेतातील मोकळी वाट निवडावी. रस्त्यावरच धावावे लागत असेल, तर समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने, एकामागे एक धावावे. अंगात फिकट रंगाचा सदरा आणि प्रकाश परावर्तित करणारा पट्टा असावा. कानात गाणी नसावीत. महामार्गावर अंधारात धावूच नये, उजाडेपर्यंत थांबावे. शाळेचे मैदान पहाटे खुले ठेवणे आणि तेथे एक दिवा लावणे, एवढे काम कोणतीही ग्रामपंचायत करू शकते. पालकांनी ग्रामसभेत तशी मागणी करावी.

*सराव:* अंतर आणि वेग हळूहळू वाढवावेत. आठवड्यातून किमान एक दिवस पूर्ण विश्रांती घ्यावी. नडगी दुखू लागली तर दोन-चार दिवस थांबावे. एकाच जागी बोटाने दाबल्यावर तीव्र दुखत असेल, तर हाडाला बारीक तडा गेल्याची शक्यता असते. अशा वेळी पट्टी बांधून धावत राहिल्यास महिन्याभराची दुखापत वर्षभराची होते.

*तपासणी:* सराव सुरू करण्यापूर्वी रक्तदाब आणि हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. धावताना छातीत दुखणे, भोवळ येणे, बेशुद्ध पडणे, किंवा घरात कोणाचा तरुण वयात अचानक मृत्यू झालेला असणे, यांपैकी काहीही असल्यास हृदयाची तपासणी झाल्याखेरीज जोराने धावू नये. अंगात ताप असताना धावणे धोक्याचे असते.

*औषधे:* ‘ताकद वाढवणारी’ इंजेक्शने आणि चाचणीपूर्वी घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या यांपासून मुलांना दूर ठेवावे. स्टेरॉइड हृदय, यकृत आणि संप्रेरकांवर घाला घालतात. अंगातील पाणी कमी झालेले असताना घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाला इजा करू शकतात.

*आहार:* महागड्या डब्यांची गरज नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी, मोड आलेली मटकी, वरण, शेंगदाणे-गूळ, फुटाणे, दूध-दही आणि चालत असल्यास अंडी, यांतून पुरेशी प्रथिने मिळतात. धावण्याआधी एखादे केळे किंवा मूठभर फुटाणे खावेत आणि नंतर अर्ध्या-पाऊण तासात न्याहारी करावी. एकादशीचा उपवास असेल त्या दिवशी जोराचा सराव ठेवू नये, चालणे आणि हलका व्यायाम पुरे. लघवीचा रंग गडद झाला, तर पाणी कमी पडत आहे असे समजावे.

मुलींच्या बाबतीत रक्तक्षयाकडे विशेष लक्ष हवे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९–२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन १२ पेक्षा कमी असताना ‘दम लागतो, जमत नाही’ असे म्हणणाऱ्या मुलीचा दोष जिद्दीचा नसतो, रक्ताचा असतो. हिरव्या पालेभाज्या व डाळींबरोबर लिंबू किंवा आवळा घ्यावा, जेवणानंतर लगेच चहा टाळावा आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाच्या गोळ्या घ्याव्यात.

मुलीची मुदत कोण ठरवते?

मुलाला घर ‘आणखी एक वर्ष’ देते. मुलीला ते बहुधा मिळत नाही. वर उल्लेखिलेल्या सर्वेक्षणानुसार बीड जिल्ह्यातील २० ते २४ वयाच्या ४३.७ टक्के स्त्रियांचा विवाह अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी झालेला होता. ऊसतोडीचा यात मोठा वाटा आहे. कोयता जोडप्याचा असतो, आणि वयात आलेल्या मुलीला गावी एकटे ठेवण्याची भीती आई-वडिलांना सतावत असते. लवकर लग्न, लवकर बाळंतपण आणि फडातील कष्ट या साखळीचे दुसरे टोक २०१९ मध्ये साऱ्या राज्याने पाहिले. जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांच्या चौकशीत ८२,३०९ महिलांची पाहणी झाली आणि त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. मुलीच्या शिक्षणाचा आणि नोकरीचा प्रश्न म्हणूनच तिच्या आरोग्याचाही प्रश्न आहे.

येथे नारायणगडाचे एक स्मरण उचित ठरेल. संत भगवानबाबांची आध्यात्मिक जडणघडण याच गडावर झाली. पुढे त्यांनी भगवानगड उभा केला आणि कीर्तनातून लोकांना मुले शिकवण्याचा आग्रह धरला. त्यांच्याच नावाने राज्य सरकारने २०२१ मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुला-मुलींसाठी वसतिगृह योजना जाहीर केली: ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे, प्रत्येक तालुक्यात एक मुलांसाठी व एक मुलींसाठी. फडावर जाण्यापूर्वी आपल्या तालुक्यातील वसतिगृहाची चौकशी समाजकल्याण कार्यालयात अवश्य करावी. मुलगी सुरक्षित राहील याची खात्री पटली, तर तिच्या लग्नाची घाई आपोआप ओसरते.

मुदत आणि दुसरी वाट

तयारी सुरू करण्यापूर्वीच घरातील सर्वांनी एकत्र बसावे आणि चार गोष्टी वहीत लिहून काढाव्यात. पहिली, किती वर्षे किंवा किती प्रयत्न? दुसरी, त्यासाठी किती पैसा, आणि तो कर्ज न काढता कसा? तिसरी, या काळात सोबतीला कोणते कौशल्य शिकायचे? चौथी, मुदत संपल्यावर काय करायचे? मुदत मुलाने स्वतः सुचवावी आणि घराने ती मान्य करावी. लादलेली मुदत शिक्षेसारखी वाटते, स्वतः घातलेली मात्र आधार देते. मुदतीच्या आत कोणी टोमणा मारायचा नाही, आणि मुदत संपल्यावर कोणी ‘हरलास’ म्हणायचे नाही, हेही त्याच पानावर लिहावे.

दुसरी वाट म्हणजे पराभवानंतरची पळवाट नव्हे. ती पहिल्या दिवसापासून समांतर चालू असावी. आयटीआयमधील वीजतंत्री वा जोडारी, परिचारिका अभ्यासक्रम, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, यांना जिल्ह्यात आणि बाहेरही मागणी आहे. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय पाहिले, तर एका डॉक्टरमागे किती प्रकारचे कुशल हात लागतात ते ध्यानात येते. ‘नीट’मध्ये गुण कमी पडलेल्या मुलांना हे कोणी दाखवतच नाही. तुतीची लागवड आणि रेशीम कोष यांत बीडच्या शेतकऱ्यांनी चांगले नाव मिळवले आहे. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे, पण त्याचा गर काढून टिकवण्याच्या धंद्यात अजून पुष्कळ जागा आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये बीडहून अहिल्यानगरला रेल्वे सुरू झाली. बाजार जवळ येऊ लागला की हिशेब ठेवणारे, माल साठवणारे आणि यंत्र दुरुस्त करणारे हात लागतात. राज्याच्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी झालेल्यांना दरमहा ६,०००, आयटीआय वा पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये विद्यावेतनासह कामाचा अनुभव देण्याची तरतूद करण्यात आली. अशा योजनांच्या अटी बदलत असतात. अर्ज करण्यापूर्वी जिल्हा कौशल्य विकास व रोजगार कार्यालयात सध्याची स्थिती विचारून घ्यावी.

दिवसातील चार-पाच तास काम आणि चार-पाच तास अभ्यास, असे करणाऱ्या मुलाच्या हाती थोडे पैसे येतात, माणसांशी संबंध राहतो आणि निकालाच्या दिवशी सारे आयुष्य एका यादीवर टांगलेले राहत नाही. हा मनासाठी फार मोठा आधार असतो.

दसऱ्याला घरातील माणसे एकत्र असतात. त्यानंतर कोणी फडावर जाते, कोणी पुण्याच्या अभ्यासिकेत, तर कोणी संभाजीनगरच्या कारखान्यात. पांगण्यापूर्वीची एक संध्याकाळ या बोलण्यासाठी राखून ठेवावी. आपट्याची पाने देऊन झाली, मोठ्यांच्या पाया पडून झाले की वही काढावी. त्या संध्याकाळी मुलाला ‘भरतीचं काय झालं?’ असे विचारू नये. ‘झोप लागते का रे? जेवतोस का वेळेवर?’ इथून सुरुवात करावी. पुढचे तो आपणहून सांगेल.